दहा मीटरवरचे गुहावीर

बॅकप्लेट-विंगशी माझं भांडण नाही. मीही डायव्हिंगला तीच पाठीवर बांधतो. स्टीलची एक पाटी, पाच सेंटिमीटर रुंदीचा अखंड पट्टा, मागे हवेची पिशवी. पाण्याखाली याहून जास्त काय हवं? भांडण आहे ते या पाटीच्या पुरोहितांशी.

पुरोहित ओळखायला सोपा. मालवणच्या जेटीवर तो नखशिखान्त काळ्यात उभा असतो आणि भाड्याचं जॅकेट घातलेल्या पर्यटकाकडे, श्रावणात अंडाकरी मागणाऱ्याकडे बघावं तसा बघतो. महावाक्य एकच: जे लागत नाही ते नेऊ नये. वंशावळ तोंडपाठ. फ्लोरिडातल्या जलमय गुहा; तिथले विल्यम हॉगार्थ मेन, ज्यांच्या मधल्या नावावरून या हार्नेसला ‘हॉगार्थियन’ म्हणतात; मग तिथल्याच वकुल्ला झऱ्याच्या पोटात शिरणारे जॉर्ज अर्विन आणि त्यांचा ‘डूइंग इट राइट’ पंथ. त्या मंडळींच्या पाठीवर दोन-दोन सिलिंडर असत आणि डोक्यावर दगडाचं छत. त्यांना कडवेपणा शोभतो. आमच्या गुरुजींच्या डोक्यावर काय? दहा मीटर पाणी आणि त्यावर पॅरासेलिंगची बोट!

पाटीतल्या बोल्टच्या भोकांत अकरा इंचांचं अंतर असतं, कारण ती जोड-सिलिंडरांसाठी पाडलेली. मग एकच सिलिंडर लावायचं तर? इथे धर्मसंकट. एक शाखा मध्ये अडॅप्टर बोल्टनं कसते, दुसरी पट्टे थेट पाटीच्या आणि विंगच्या खाचांतून ओवते. पहिलीचा आक्षेप: अडॅप्टरशिवाय सिलिंडर डावी-उजवीकडे डुलतं. दुसरीचा: अडॅप्टरनं वजन वाढतं, सिलिंडर पाठीपासून लांब जातं. दोघांचंही थोडं-थोडं खरं आहे, आणि डुलणं थांबवायला कित्येक विंगांवर उंचवटे आधीच दिलेले असतात. पण शास्त्रार्थ संपेल तर शपथ. आणि गंमत बघा, अपरिग्रहाची दीक्षा घेतलेला हा साधक, स्वतःच्याच पाटीनं उभी केलेली अडचण सोडवायला आणखी एक लोखंड विकत घेतो!

या सगळ्या मीमांसेत सिलिंडर धरतं कोण? दोन नायलॉनचे पट्टे. त्यांच्याबद्दल गुरुजींचं मौन. कोरडं नायलॉन भिजलं की सैलावतं, म्हणून पट्टा आधी भिजवायचा आणि मग आवळायचा. वरचा पट्टा सिलिंडरच्या खांद्याखाली, सरळ भिंतीवर. खांद्याच्या उतारावर गेला तर तो निसटणारच. टोक बकलच्या खाचांतून ठरल्या क्रमानंच ओवायचं, नाहीतर बकल मिटतं, पण पट्टा सरकतो. बकलचा खटका मिटायला तळहाताचा जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी मिटला तर उघडा आणि पुन्हा आवळा. शेवटी पाटीला धरून अख्खं प्रकरण उचलायचं आणि गदगदा हलवायचं. अकरा लिटरचं अॅल्युमिनियमचं सिलिंडर चौदा किलोंच्या आसपास भरतं. ते कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

एकदा बोटीवर असेच एक आचार्य अडॅप्टरवर निरूपण करत होते. हवा भरणाऱ्या पोरानं मध्येच विचारलं, “दादानू, पट्टो भिजयलात काय?” दादानूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “बकल स्टेनलेसचं आहे,” ते आम्हा श्रोत्यांना म्हणाले. आता स्टेनलेसचा आणि नायलॉनचा संबंध काय, हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

पाण्यात उतरून पाच मिनिटं झाली नसतील, सिलिंडर घसरत घसरत आचार्यांच्या बुडाशी आलं. होज ताणला गेला, रेग्युलेटर तोंडातून निघू बघतोय, मान मागे ओढलेली, आणि एवढ्या अवघड आसनातही चेहऱ्यावर पांडित्य शाबूत. शेवटी तोच पोरगा, भाड्याचं जॅकेट आणि त्यावर प्लॅस्टिकचं बकल लावून, मागून आला. सिलिंडर गुडघ्यानं वर रेटलं, खटका उघडला, ओवणी नीट केली, खटका दाबला. झालं.

बोटीवर परतल्यावर आचार्यांनी पाणीही न पिता निदान सांगितलं: अडॅप्टर हलका पडला. आता वजनदार मागवणार आहेत.