फी माफ, पोरगी घरी!

मार्च २०२५ मध्ये देशभरातल्या वृत्तवाहिन्यांच्या गाड्या खुलताबादेत येऊन थडकल्या. १७०७ साली मेलेल्या मुघल बादशहाची कबर ठेवायची की उखडायची, यावर रात्रंदिवस घसे फोडले गेले. त्यावरूनच १७ मार्चला नागपुरात दंगल पेटली, गाड्या जळाल्या. याच खुलताबादच्या बसस्थानकावर बाजारसावंगीच्या, गल्लेबोरगावच्या, गदान्याच्या पोरी पाठीला सॅक अडकवून रोज गाडीची वाट बघतात. गाडी चुकली तर घरी काय ऐकावे लागते, आणि असे किती वेळा ऐकल्यावर बाप म्हणतो, "बस झालं तुझं कॉलेज", हा प्रश्न त्या गदारोळात आमच्या कानी एकदाही पडला नाही. ज्या गावातल्या मेलेल्यांवरून राज्य हादरते, त्या गावातल्या शिकणाऱ्या पोरांची विचारपूस करायला राज्याला सवड नाही. या बेपर्वाईचा आम्ही धिक्कार करतो आणि तिचा हिशेब मागतो.

सरकारकडे योजना नाहीत असे कोणी म्हणणार नाही. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिक दुर्बलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्याला स्वयम्, ओबीसी विद्यार्थ्याला आधार योजना आहे. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले. निर्णय चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागतच केले. पण तालुक्याच्या गावात बी.ए., बी.कॉम.ला बसणारी मुलगी बहुतेक वेळा फीसाठी कॉलेज सोडत नाही. तिचे कॉलेज सुटते पासाच्या पैशांवरून, अडकलेल्या अर्जावरून, रस्त्यातल्या टवाळीवरून, न कळलेल्या इंग्रजीवरून, आणि कोणाशी बोलावे हेच न सुचल्यामुळे. यांतल्या बहुतेक गोष्टींवर सरकारी कागदात उपाय लिहिलेला आहे. तो उपाय पोरीच्या हातात नेऊन देणारा पगारी माणूस मात्र सरकारने नेमलेला नाही. आमचे सारे भांडण या एका गोष्टीशी आहे.

एसटीचेच बघा. ग्रामीण भागातल्या मुलीला पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत पास फुकट मिळतो. तो पास थेट शाळेत नेऊन देण्याची मोहीमही एसटीने हाती घेतली, आणि खिडकीपुढच्या रांगेत बुडणारे तास वाचवणारे हे पाऊल आहे. पण तीच मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला गेली की फुकट पास संपतो. गाडी तीच, रस्ता तोच, वाहकही ओळखीचा. मात्र आता सवलत वजा जाता उरलेला एक तृतीयांश पैसा दर महिन्याला मोजावा लागतो. हातावर पोट असलेल्या घरात दर महिन्याला रोख काढणे सोपे नसते. भाऊ आणि बहीण दोघेही कॉलेजला असतील तर पास कोणाचा काढला जातो, हे सांगायला अभ्यासगट नेमायची गरज नाही. अठरा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी जिथे बारावीच्या निकालाबरोबर सुरू होतात, तिथे नेमक्या त्याच वळणावर सरकारने हात काढून घ्यावा, याला आम्ही अपराध म्हणतो.

आता शिष्यवृत्तीचा अर्ज घ्या. महाडीबीटीच्या पोर्टलवर नोंदणी करायची. जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड हे सगळे स्कॅन करून चढवायचे. बँक खात्याला आधार जोडलेले हवे. आधारवर बापाचे नाव एका तऱ्हेने, दहावीच्या सनदेवर दुसऱ्या तऱ्हेने असेल तर गाडी तिथेच अडते. ओटीपी जातो बापाच्या मोबाईलवर, बाप असतो शेतात, आणि सेतू केंद्रातला माणूस म्हणतो, उद्या या. एवढे करून अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पोचतो. तिथला एकच लिपिक प्रवेशही बघतो, परीक्षेचे अर्जही बघतो, विद्यापीठाची पत्रेही बघतो, कारण शिक्षकेतर पदांची भरती राज्यात वर्षानुवर्षे रखडलेली आहे. अर्ज त्रुटीत निघतो, मुदत उलटते, आणि अर्ज त्रुटीत निघाला हे पोरीला कळते दुसऱ्या वर्षी. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत तर २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा एका वाटेने येतो, राज्याचा ४० टक्के दुसऱ्या वाटेने. आलेल्या पैशात कॉलेजचे किती आणि आपले किती, हे ना पोराला कळते ना बापाला. मग टी.सी. हवा असेल तर आधी बाकी भरा, असे सांगणारी खिडकी समोर येते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नका, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. तो आदेश त्या खिडकीवर चिकटवलेला आम्ही तरी पाहिलेला नाही.

आमचा रोख एखाद्या महाविद्यालयावर नाही. खुलताबादेत घडते तेच कन्नडला, फुलंब्रीला, सोयगावला घडते. ही व्यवस्थेची खोड आहे, आणि तिची मुळे मूल्यांकनाच्या फायलीत आहेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत पाचवा निकष पूर्णपणे विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीचा. समिती यायची असली की एका खोलीवर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागते, दोन खुर्च्या मांडल्या जातात, जिओ-टॅग फोटो निघतो, फाईलला लागतो. समिती गेली की खोलीत परीक्षेचे गठ्ठे येतात. समुपदेशक म्हणून ज्याचे नाव फायलीत असते, तो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो. त्याचे स्वतःचे मानधन महिनोन्‌महिने थकलेले. त्याने कोणाचे समुपदेशन करावे? त्याला आम्ही दोष देत नाही. दोष त्यांचा आहे, ज्यांनी फोटोला गुण दिले आणि खोलीत कोणी बसते का हे विचारले नाही.

आता तर कायद्याची पळवाटही उरलेली नाही. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे, असे न्यायालय म्हणते. संसद कायदा करेपर्यंत हे बंधनकारक आहे. शंभर विद्यार्थी नाहीत असे तालुक्याच्या गावातले कोणते महाविद्यालय आहे? मग नेमणुका कुठे आहेत? टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मुलींच्या खोलीच्या दारावर, ग्रंथालयात, ओळखपत्राच्या मागे छापायला किती खर्च येतो? लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने आणि तक्रार निवारण समिती विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी सक्तीची आहे. या समित्यांवर कोण आहे हे पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारा. तिला एकही नाव सांगता आले नाही, तर त्या समित्या नाहीतच, असेच आम्ही धरू.

आणि ज्या पोरांचा प्रश्न कोणत्याच योजनेत बसत नाही त्यांचे काय? खुलताबादेत उर्दू शाळेतून बारावी होऊन आलेली मुलगी मराठीतून चालणाऱ्या वर्गात बसते. ती हुशार असते. पहिल्या चाचणीत उत्तर येत असूनही लिहिता येत नाही म्हणून मागे पडते, आणि तिला वाटते आपल्यालाच जमत नाही. वाडीवरून आलेल्या मराठी मुलाचे विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकापुढे तेच होते. दोघांना पहिल्या सत्रात रोज एक तास भाषेची शिदोरी दिली तर दोघे तरतील. हा तास कोणाच्याही वेळापत्रकात नसतो. दर्ग्याच्या गल्लीतली पोरगी आणि भद्रा मारुतीच्या मंदिराच्या वाटेवरची पोरगी एकाच बाकावर बसून एकाच अडचणीत सापडतात, आणि आमचे पुढारी त्यांना वेगवेगळ्या मोर्चांत बोलावतात!

हे सगळे मराठवाड्याला शिकवायची वेळ यावी याची आम्हाला लाज वाटते. कारण हीच भूमी एकदा हे शिकली होती. निजामाच्या अमलात इथल्या मुलाला वरच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद. नागसेनवनात वर्गांबरोबर वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेले पोर रात्री कुठे झोपेल, काय खाईल, दिवा कुठे मिळेल, याचा विचार अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा मानला गेला, आणि त्या आवारातून लेखक, अधिकारी, कार्यकर्ते यांची पिढी निघाली. त्याच्याही आधी कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहू दिली. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींची मुले एका छताखाली आणली आणि १९४७ मध्ये काढलेल्या महाविद्यालयात कमवा आणि शिका हा कणा केला. शाळा काढली की काम संपले असे या माणसांपैकी कोणीही मानले नाही. त्यांची नावे योजनांना द्यायची आणि त्यांची रीत गाळायची, हा त्यांचा अपमान आहे.

परदेशातला दाखला हवा असेल तर तोही देतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ पासून एक कार्यक्रम चालवला आहे. ही कॉलेजे म्हणजे आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांसारखीच, गरिबांच्या आणि घरातून पहिल्यांदा शिकणाऱ्या पोरांची. कार्यक्रमात काय होते? प्रवासाचा फुकट पास. पुस्तकांसाठी मदत. शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ओळखणारा एक पगारी सल्लागार, ज्याच्याकडे थोडकीच मुले सोपवलेली. विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि तपासणी झाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पुरा करणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमाबाहेरच्या गटात २२ टक्के होते, कार्यक्रमातल्या गटात ते ४० टक्के निघाले. जवळजवळ दुप्पट! इमारत नवी नव्हती, प्राध्यापक तेच होते. प्रवासाचा पास, पुस्तके, उरलेली फी आणि विचारपूस करणारा माणूस, अशा मदतीवर हा फरक पडला.

पैसे कुठून आणायचे, असे आता मंत्रालयातून विचारले जाईल. आम्ही उलट विचारतो. हनुमान जयंतीच्या रात्री छत्रपती संभाजीनगरातून हजारो भाविक पायी भद्रा मारुतीला येतात. सुफी संत जर जरी जर बक्षांच्या उरुसाला डोंगरावर माणूस मावत नाही. तेव्हा जादा गाड्या सुटतात, रस्त्यावर दिवे लागतात, पाण्याचे टँकर येतात, पोलिस रात्रभर उभे राहतात, आणि हे सगळे हेच तहसील, हीच एसटी, हीच नगरपरिषद करते. ते करतात ते योग्यच आहे. ज्यांना हे एका रात्रीत जमते, त्यांना कॉलेज सुटण्याच्या वेळेला एक गाडी का जमू नये? शेजारच्या वेरूळची लेणी बघायला १९८३ पासून जागतिक वारशाच्या नावाने जग येते. त्या पर्यटनाच्या कामांत शनिवार-रविवारचे कमवा-शिकाचे रोजगार इथल्याच विद्यार्थ्यांना का मिळू नयेत?

आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयात एक पूर्णवेळ, प्रशिक्षित, नियमित पगाराचा विद्यार्थी सहायक नेमा. समुपदेशन त्याचे, शिष्यवृत्तीच्या त्रुटी त्याच्या, आगारप्रमुखाशी भांडण त्याचे. अहिल्याबाईंच्या नावाचा पास पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत वाढवा. विद्यापीठाने संलग्नता देताना एकच तक्ता मागावा: पहिल्या वर्षाला किती आले, त्यांतले तिसऱ्या वर्षाला किती पोचले, जे गळाले ते कोण, आणि का. हा तक्ता प्राचार्यांनी सहीनिशी दारावर लावावा. जिथे गळती वाढेल तिथे संस्थाचालकांना जाब विचारावा, आणि जिथे पद मंजूरच केले नसेल तिथे तोच जाब उच्च शिक्षणमंत्र्यांना विचारावा.

या मंजुऱ्या येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरतील. हजेरीपटावरची जी नावे तोपर्यंत गप्प झाली असतील, त्यांतल्या प्रत्येक घरी पंधरा दिवसांच्या आत महाविद्यालयातून कोणीतरी गेलेच पाहिजे. प्राचार्य जावोत, एनएसएसची पोरे जावोत, माजी विद्यार्थी जावोत. जाताना पासाचा अर्ज, शिष्यवृत्तीची नेमकी त्रुटी आणि परीक्षा अर्जाची शेवटची तारीख बरोबर न्यावी, बापाशी ओट्यावर बसून बोलावे, आणि पोरगी सोमवारी कोणत्या गाडीने येणार हे ठरवूनच उठावे.