लंडन–मुंबई: नक्की किती तास?

फराळाची ताटली शेजारी घेऊनच हे पान उघडलं असेल, अशी खात्री आहे.

परवा लेकीने विचारलं, "आई, मुंबई किती लांब आहे गं?" मी म्हटलं, हवाईमार्गे सुमारे ७,२०० किलोमीटर. हीथ्रोहून थेट विमान साधारण ९ तासांत पोहोचतं. परतताना उंचावरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून बहुधा तासभर जास्तच.

८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरलं होतं. बोटीने तर सुएझमार्गे दोन-तीन आठवडे जायचे. त्या मानाने आपलं बरं चाललंय.

पण हे ९ तास विमानतळ ते विमानतळ. घर ते घर हा हिशेब मला काही वर्षांपूर्वी जानेवारीत कळला. पहाटे तीनला फोन वाजला. सांगलीत तेव्हा साडेआठ झाले होते. दादा म्हणाला, "बाबांना आयसीयूत हलवलंय. लगेच निघ."

लेस्टर ते हीथ्रो ३ तास. विमानतळावर ३. विमानात ९. मुंबईत इमिग्रेशन आणि सामान दीड तास. पुढे गाडीने सांगली ८ तास. एकूण साडेचोवीस! तेही त्याच दिवशीचं तिकीट मिळालं म्हणून.

लेकीला मात्र नेता आलं नाही. तिचा पासपोर्ट ब्रिटिश. ओसीआयचा अर्ज "सुट्टीत भरू" म्हणत ड्रॉवरमध्येच राहिलेला, आणि व्हिसा हातात नव्हता. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी दोनदा विचारलं, "नात नाही आली?" मी फोनवर तिला दाखवलं. त्यांनी हात वर केला. चौथ्या दिवशी ते गेले.

मला वेळेत पोहोचता आलं, याचं समाधान आहे. पण तिची आणि आजोबांची भेट विमानामुळे नाही, माझ्या आळसामुळे राहिली.

म्हणून मंडळी, दिवाळीची साफसफाई करताना एक ड्रॉवर कागदपत्रांचाही आवरा. सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत बघा. मुलांच्या ओसीआयचं काम उरकून टाका. नवा पासपोर्ट आला असेल तर त्याची नोंद करा. गावाकडच्या शेजाऱ्यांचे आणि डॉक्टरांचे नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

आणि तरुण मंडळींनो, आजी-आजोबांना भेटायला लग्नाची किंवा आजारपणाची वाट बघू नका. सगळे ठणठणीत असताना एकदा जाऊन या. तेव्हा साडेचोवीस तास जड वाटत नाहीत.

दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. भेटू पुढच्या अंकात!