गरीब गाय

मावळात गाय दिसते भातखाचराच्या बांधावर. फॅशन डिझायनर मसाबा गुप्ताने ती थेट साडीवर छापली. गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी मसाबाच्या पाठीवर हात ठेवला आणि २००९ मध्ये, विशीही गाठायच्या आत, ती लॅक्मे फॅशन वीकमध्ये उतरली. पुढे पदरावर कॅमेरेही आले. (कॅमेरे मला जरा जास्तच वाटतात, गाय मात्र पसंत.) तेव्हा नाकं मुरडली गेली. आता मावळातल्याच भुशी धरणाच्या पायऱ्यांवर रविवारी भिजणारी गर्दी पाहा, सगळे छापच छाप! ठसठशीतपणाच बघायचा, तर भाज्याची लेणी चढा. तिथल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तींची भलीथोरली पागोटी आणि जडशीळ दागिने पाहिले, की मसाबाची गाय अगदीच गरीब वाटते.