अ‍ॅप घरी, पुस्तिका गटात

मंडळ्यांतल्या बायबल अभ्यासगटांत दोन पक्ष दिसतात. पहिला म्हणतो, शास्त्र उघडायचे ते छापीलच. गटात मोबाइल आला की मन वचनावरून उडते. दुसरा म्हणतो, भाष्ये, नकाशे, हिब्रू-ग्रीक शब्दकोश असे सारे बोटाखाली असताना प्रश्नांची ती पातळ पुस्तिका हवीच कशाला? मला दोन्ही मते चुकीची वाटतात, दुसरे अधिक.

पहिल्या पक्षाला एवढेच विचारतो, की तुमच्या हातातल्या छापील बायबलमधले वचनांचे आकडे कुठून आले? नव्या कराराला आजचे वचनक्रमांक रोबेर एतियेन या फ्रेंच मुद्रकाने 1551 मध्ये दिले. अलेक्झांडर क्रूडनची शब्दसूची 1737 ची. जेम्स स्ट्राँगने 1890 मध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांना क्रमांक देऊन जाडजूड सूची छापली, आणि आजची कितीतरी अभ्यास-सॉफ्टवेअर त्याच क्रमांकांवर चालतात. शोधायची साधने शास्त्राभोवती शतकानुशतके जमत आली आहेत. कागदावर होती तेव्हा ती कोणाला अपवित्र वाटली नाहीत.

शिवाय शोधाची सोय सत्यासाठी हवी. ‘भिऊ नको’ हे वचन बायबलमध्ये 365 वेळा येते, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असे व्यासपीठावरून सर्रास सांगितले जाते. ते शब्द अ‍ॅपमध्ये शोधून पाहा. आकडा त्याच्या जवळपासही जात नाही आणि अनुवादागणिक बदलतो. देवाच्या वचनावर खरोखर प्रेम असेल तर त्याच्याविषयी खोटी गोष्ट, कितीही दिलासा देणारी असली तरी, आपण पसरवू नये. ही पडताळणी आज सामान्य विश्वासणाऱ्यालाही करता येते, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण पडताळणी म्हणजे अभ्यास नव्हे. यिर्मया 29:11 घ्या. ‘आजचे वचन’ म्हणून ते मोबाइलवर एकटे झळकते: आशेचे, भवितव्याचे. चांगली पुस्तिका सबंध अध्याय वाचायला लावते आणि विचारते, हे पत्र कोणाला लिहिले आहे? मग कळते, बाबेलात नेलेल्या बंदिवानांना. आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. त्यांना सांगितले आहे ते घरे बांधायला, मळे लावायला, परक्या नगराचे हित पाहायला. आजारी मुलाची आई गटात बसलेली असते तेव्हा या दोन वाचनांतला फरक फार मोठा असतो. सॉफ्टवेअरमध्येही सबंध अध्याय असतोच, पण थांबून तो प्रश्न विचारायला तिथे कोणी नसते.

दुसरे असे, की फुकट सॉफ्टवेअरमध्ये बहुधा स्वामित्वहक्क संपलेली भाष्ये मिळतात. मॅथ्यू हेन्री वारले 1714 मध्ये; मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या सापडू लागल्या 1947 मध्ये. हेन्रींची भक्ती थोर आहे, पण इतिहासाच्या प्रश्नावर त्यांना शेवटचा शब्द मानता येणार नाही.

आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप मराठी गटांपुरता आहे. ही साधने मुख्यतः इंग्रजीतून बोलतात. ज्याला इंग्रजी येते आणि ज्याचा फोन चांगला, तो ‘मूळ ग्रीकमध्ये असे आहे’ म्हणतो, आणि आयुष्यभर शास्त्र वाचलेल्या आजी गप्प होतात. मराठी पुस्तिकेतला प्रश्न मात्र पाळकांपुढे आणि आजींपुढे सारखाच असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. घरी आधी उतारा वाचावा, पुस्तिकेत स्वतःचे उत्तर लिहावे, मगच अ‍ॅपमधले भाष्य उघडून ते तपासावे. 1959 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘बायबल स्टडी फेलोशिप’चीही हीच शिस्त: आधी केवळ शास्त्रावरून उत्तरे, मग चर्चा, व्याख्यान आणि टिपणे. गटात बसल्यावर फोन बाजूला. वादाचा मुद्दा निघालाच तर एकाने शोधून सर्वांना मराठीत वाचून दाखवावे.

विद्वत्ता आणि साधेपणा यांचे वैर नाही, हे आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी दाखवून दिले. हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये ते छापून झाले, आणि त्याच्या छपाईत केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांचे हात होते. तो सारा खटाटोप साध्या वाचणारीसाठी होता.

तेव्हा मागणी अशी करू या: सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी मूळ भाषांचे क्रमांक मराठी पाठाला जोडून द्यावेत, टिपा मराठीत लिहून घ्याव्यात, आणि पुस्तिका छापणाऱ्यांनी सुटी वचने न देता सबंध उतारे द्यावेत, उत्तर लिहायला भरपूर कोरी जागा सोडावी आणि अक्षर आजींना चष्म्यातून वाचता येईल एवढे मोठे ठेवावे.