आज तुना घर, सकाय मना घर



माझं गाव दोंडाईचा. धुळे जिल्ह्यातलं, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं, लाल मिरचीच्या बाजाराचं. मिरचीच्या ठसक्याइतकीच पक्की आठवण आहे ती बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पहाटेची. उन्हाळा तापला की गल्लीत रोज एकेका घरी बिबड्या घातल्या जात. आंबवलेल्या ज्वारीचा घाटा चुलीवर रटरटायचा. तो घोटायला दोघीजणी लागत, थापायला आणखी चौघी-पाचजणी. ऊन चढायच्या आत उरकायचं, म्हणून साऱ्या अंधारातच हजर. आम्हा पोरांकडे वाळत घातलेल्या बिबड्यांची राखण. मोबदला वाटीभर गरम घाटा, वर तेल. मोठ्यांना मजुरी नाही. ‘आज तुना घर, सकाय मना घर,’ म्हणजे आज तुझ्या घरी, उद्या माझ्या, एवढाच अहिराणी करार. तो कुणी लिहून ठेवत नसे आणि विसरतही नसे.

आमच्याच जिल्ह्यात पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी हा हिशेब पाण्यालाही लावला. त्यांची फड पद्धत काहीशे वर्षांची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने द्यायचं आणि पाट सर्वांनी मिळून साफ करायचा. आपल्या तुकड्यात मनाला येईल ते पेरायची मुभा प्रत्येकाने थोडी सोडली, म्हणून पाण्याची वाटणी निभावली.

परदेशी आल्यावर मला आधी सुटल्यासारखंच वाटलं होतं. पैसे मोजले की काम होतं, कुणाचं देणं राहत नाही. पहिल्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन मिळेल म्हणून इथल्या मराठी मंडळात गेलो. वाट्याला आले दहा किलो बटाटे. शेजारी सोलायला नागपूरच्या एक काकू. मी शेवभाजीची बाजू लढवली, त्यांनी सावजीची. त्या हिवाळ्यात मी तापाने पडलो, तर दारात त्यांचा डबा. मी संकोचून परत करायला निघालो, तेव्हा चांगला दम मिळाला. मदत करायला मी लहानपणीच शिकलो होतो. घ्यायला तिथे शिकलो. पुढे त्यांनी घर बदललं, तेव्हा सोफ्याचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं. आमचा हिशेब अजून मिटलेला नाही. मिटूही नये.

यंदाच्या गणेशोत्सवातल्या कामांची यादी या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. बटाट्यांच्या ओळीत माझं नाव आधीच लिहिलंय. शेजारची जागा रिकामी आहे.

आपला,
संपादक