फाशांचे अवयव

संभाव्यतेच्या कोड्याचे उत्तर संगणकाकडून मिळवण्याचे दोन मार्ग आज गणिताच्या शिक्षकापुढे आहेत, आणि त्यांतील पहिला इतका सोपा आहे की दुसऱ्याकडे फारसे कोणी वळत नाही. पहिला मार्ग सिम्युलेशनचा : दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहावा, संगणकाकडून लाखो वेळा खोटेखोटे फासे टाकून घ्यावेत, अनुकूल दाने मोजावीत आणि भागाकार करावा. दुसरा मार्ग संगणकीय बीजगणिताचा, ज्यात संगणक संख्यांप्रमाणेच अक्षरेही हाताळतो, अपूर्णांकाचा दशांश न करता तो अपूर्णांकच ठेवतो, बहुपदींचा विस्तार करतो, त्यांचे अवयव पाडतो आणि समीकरणांची उकल सूत्राच्या रूपात देतो. अशा प्रणाली नव्या नाहीत. एमआयटीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या मॅक्सिमा या प्रकल्पाची वंशज असलेली, आणि नावही उच्चाराने जवळजवळ तेच धारण करणारी प्रणाली आज कोणालाही विनामूल्य मिळते, आणि सेज किंवा पायथन भाषेतील सिमपाय यांच्यासाठीही दमडी मोजावी लागत नाही. तरीही महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत संभाव्यतेचा तास आला की फासे टाकण्याचा प्रोग्रॅमच लिहिला जातो. सिम्युलेशन निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते उत्तर देते आणि कारण स्वतःजवळ ठेवते.

याची सर्वांत बोलकी साक्ष एका थोर गणितज्ञाच्या अनुभवात आहे. तीन बंद दारांपैकी एकामागे मोटार आणि दोहोंमागे शेळ्या, स्पर्धकाने एक दार निवडल्यावर आतील गोष्ट ठाऊक असलेल्या सूत्रधाराने उरलेल्यांपैकी शेळीचे एक दार उघडून दाखवले, तर स्पर्धकाने निवड बदलावी का, हे माँटी हॉलचे कोडे मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी १९९० मध्ये आपल्या सदरात घेतले आणि ‘बदलावी, कारण त्याने संभाव्यता २/३ होते’ असे उत्तर दिले, तेव्हा अनेक गणिताच्या प्राध्यापकांनीही त्यांना चुकीचे ठरवले. पॉल एर्डोश यांनाही ते उत्तर पटेना. त्यांचे मित्र वाझोनी यांनी संगणकावर सिम्युलेशन करून दाखवल्यावर त्यांनी निकाल मान्य केला, पण असे का होते हे त्यातून कळत नाही म्हणून ते असमाधानीच राहिले, अशी आठवण वाझोनी यांनी लिहून ठेवली आहे. एर्डोश यांचे असमाधान हेच खरे गणिती असमाधान होते, आणि विद्यार्थ्यातही तेच जागे करणे हे अध्यापकाचे काम आहे.

बीजगणिताच्या मार्गाची सुरुवात एका छोट्या युक्तीपासून होते. फाशावर १ ते ६ ठिपके असतील, तर त्या फाशाची नोंद क्ष + क्ष^२ + क्ष^३ + क्ष^४ + क्ष^५ + क्ष^६ अशी बहुपदी लिहून करावी (येथे ^ हे चिन्ह, यांतील काही प्रणालींत असते तसेच, घात दाखवते). ठिपक्यांची संख्या घातांकात आणि ते ठिपके किती बाजूंवर आहेत ही संख्या सहगुणकात, अशी ही वाटणी आहे. दोन पदांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होत असल्याने दोन फाशांच्या बहुपदींचा गुणाकार म्हणजे दोन फाशांच्या ठिपक्यांची बेरीज, आणि गुणाकारातील प्रत्येक पदाचा सहगुणक म्हणजे ती बेरीज किती प्रकारे पडते त्याची मोजणी. अशा बहुपदीला जनक फलन म्हणतात. तीन फाशांत ९ आणि १० या दोन्ही बेरजा सहा-सहा तिकड्यांनी होत असताना १० अधिक वेळा का पडते, हा प्रश्न गॅलिलिओने हाताने मोजून सोडवला; आज वरील बहुपदीचा घन विस्तारण्याची एक आज्ञा दिली की ९ च्या पदापुढे २५ आणि १० च्या पदापुढे २७ दिसतात, आणि एकूण शक्यता २१६. लाख फेकींच्या सिम्युलेशनला २५/२१६ आणि २७/२१६ यांतील फरक ढोबळमानाने दिसेल, पण तो नेमका २/२१६ आहे हे ते कधीच सांगू शकणार नाही.

विस्तारापेक्षा अवयव पाडण्याची आज्ञा अधिक मौजेची आहे, आणि तिच्याकडे अध्यापकांचे लक्ष जावे यासाठीच या संपादकीयाचा प्रपंच आहे. फाशाची बहुपदी प्रणालीकडे दिली असता तिचे चार अवयव मिळतात : क्ष, (१ + क्ष), (१ + क्ष + क्ष^२) आणि (१ − क्ष + क्ष^२). आता प्रश्न असा की, नेहमीच्या दोन फाशांनी २ ते १२ या बेरजा जितक्या प्रकारे पडतात, अगदी तितक्याच प्रकारे त्या पडतील, पण ठिपके मात्र वेगळे असतील, असे दुसरे दोन सहा-बाजूंचे फासे असू शकतात का? दोन फाशांच्या गुणाकारात वरील प्रत्येक अवयव दोनदा येतो, म्हणून प्रश्न एवढाच उरतो की हे आठ अवयव दोन नव्या फाशांमध्ये कसे वाटावेत. कोणत्याही बाजूवर शून्य ठिपके नकोत, म्हणून क्ष हा अवयव दोघांनाही एकेक मिळायलाच हवा. प्रत्येक फाशाला सहाच बाजू हव्यात, म्हणजे क्ष = १ ठेवल्यावर बहुपदीची किंमत ६ आली पाहिजे; चार अवयवांच्या तेथील किमती अनुक्रमे १, २, ३ आणि १ आहेत, म्हणून (१ + क्ष) आणि (१ + क्ष + क्ष^२) हेही दोघांना एकेकच द्यावे लागतात. मोकळे उरतात ते केवळ (१ − क्ष + क्ष^२) चे दोन नग. ते एकेक वाटले तर नेहमीचे फासे मिळतात, आणि दोन्ही एकाच फाशाला दिले तर एका फाशावर १, २, २, ३, ३, ४ आणि दुसऱ्यावर १, ३, ४, ५, ६, ८ असे ठिपके येतात. तिसरी वाटणी नाहीच. जॉर्ज सिकरमन यांना सापडलेली ही जोडी मार्टिन गार्डनर यांनी १९७८ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरातून जगापुढे आणली. ती प्रोग्रॅमने शोधून काढणेही शक्य आहे, पण अवयवांच्या वाटणीने ती सापडते तेव्हा तिच्या एकमेवपणाची सिद्धताही सोबतच हाती लागते, आणि ती फळ्यावर चार ओळींत बसते.

फासा निःपक्षपाती आहे असे धरणे ठीक. कवडीबद्दल मात्र तसे धरता येत नाही. सारीपाट खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते की कवडीचे उताणे पडणे आणि पालथे पडणे सारखे नसते, आणि ते प्रमाण कवडीगणिक बदलते. सिम्युलेशनला येथे आधी एक संख्या द्यावी लागते, आणि प्रत्येक नव्या कवडीसाठी पुन्हा लाख फेकी कराव्या लागतात. बीजगणिताला संख्या लागत नाही. कवडी उताणी पडण्याची संभाव्यता प म्हणावी आणि पुढे जावे. एकच कवडी पुन्हा पुन्हा टाकत राहिले, तर लागोपाठ दोनदा उताणी पडेपर्यंत सरासरी किती फेकी लागतील? सुरुवातीपासूनची सरासरी अ आणि नुकतीच एकदा उताणी पडल्यानंतर उरणारी सरासरी ब मानली, तर अ = १ + प·ब + (१ − प)·अ आणि ब = १ + (१ − प)·अ ही दोन एकसामयिक समीकरणे मिळतात, आणि प्रणाली त्यांची उकल अ = (१ + प)/प^२ अशी देते. उताणीनंतर लगेच पालथी अशी जोडी हवी असेल, तर दुसरे समीकरण ब = १ + प·ब असे होते आणि उत्तर १/(प(१ − प)) येते. प = १/२ ठेवले की पहिली सरासरी ६ आणि दुसरी ४, हा कोड्यांच्या पुस्तकांतला प्रसिद्ध निकाल हाती येतो. पण प हे अक्षर जिवंत ठेवल्यामुळे एक नवा प्रश्न विचारता येतो : या दोन सरासऱ्या कोणत्या कवडीसाठी समान होतील? दोन्ही सूत्रे समान ठेवून आज्ञा दिली की प^२ + प − १ = ० हे वर्गसमीकरण उरते आणि प = (√५ − १)/२, म्हणजे सुमारे ०.६१८, सुवर्ण गुणोत्तराचा व्यस्त. त्या कवडीसाठी दोन्ही सरासऱ्या नेमक्या २ + √५ येतात. सिम्युलेशनवाल्याला ०.६१८ हा आकडा दिसला असता, परंतु तो दाखवायचा तर त्याने आधी नेमका तोच शोधायला हवा होता.

येथेच सावध होण्याचीही गरज आहे. सरासरी ६ आणि ४ पाहून विद्यार्थी सहज म्हणेल की प = १/२ असताना उताणी-पालथी ही जोडी उताणी-उताणी या जोडीच्या आधी येण्याचा संभव अधिक, आणि ते साफ चूक आहे : पहिल्यांदा उताणी पडली की पुढची एकच फेक निकाल लावते, म्हणून दोन्ही जोड्यांचा आधी येण्याचा संभव समसमान आहे. प्रणालीने दिलेली दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत, हे मात्र प्रणाली सांगत नाही.

तांत्रिक फसगतीही आहेत. पायथनमध्ये सिमपाय वापरताना १/२ असे लिहिले की भाषा सिमपायच्या आधीच त्याचा दशांश करून टाकते आणि नेमकेपणा पहिल्याच ओळीत हरवतो. तेथे परिमेय संख्या म्हणून ती वेगळी घोषित करावी लागते. अधिक गंभीर गोष्ट अशी की या प्रणाली सामान्य परिस्थितीचे सूत्र देतात आणि अपवादाची किंमत गिळून टाकतात. दोन जुगाऱ्यांजवळ मिळून न नाणी असून पहिल्याजवळ क असतील, आणि प्रत्येक डावात एक नाणे हात बदलत असेल, तर पहिल्याने सर्व नाणी जिंकण्याची संभाव्यता (१ − र^क)/(१ − र^न) असते, जेथे र म्हणजे डाव हरण्याच्या आणि जिंकण्याच्या संभाव्यतांचे गुणोत्तर. हायगेन्स यांच्या १६५७ मधील ग्रंथाच्या शेवटच्या पाच प्रश्नांपैकी पाचवा हाच : तीन फासे, एकासाठी ११, दुसऱ्यासाठी १४, दोघांजवळ बारा-बारा नाणी. ११ पडण्याचे २७ प्रकार आणि १४ पडण्याचे १५, म्हणून दोघांच्या जिंकण्याचे गुणोत्तर ९ आणि ५ यांच्या बाराव्या घातांचे, म्हणजे २८२४२९५३६४८१ ला २४४१४०६२५. सूत्र येथपर्यंत चोख चालते, पण डाव अगदी बरोबरीचा झाला, र = १ ठेवले, की शून्य भागिले शून्य. क/न हे साधे उत्तर मिळवण्यासाठी सीमा घेण्याची आज्ञा माणसालाच सुचावी लागते.

आणि सर्वांत मोठी अडचण प्रणालीबाहेरची आहे. जोसेफ बर्त्राँ यांनी १८८९ मध्ये विचारले की वर्तुळाची एक जीवा यदृच्छया काढली, तर ती वर्तुळांतर्गत समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा मोठी असण्याची संभाव्यता किती. जीवेची टोके यदृच्छया निवडली तर १/३, त्रिज्येवरचा बिंदू निवडला तर १/२, आणि जीवेचा मध्यबिंदू वर्तुळाच्या क्षेत्रातून निवडला तर १/४. तिन्ही संकलने कोणतीही प्रणाली क्षणार्धात आणि बिनचूक करून देईल. ‘यदृच्छया’ या शब्दाचा अर्थ विचारण्याची तिला गरज भासत नाही, कारण तो प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच कोणीतरी नमुना अवकाश ठरवून टाकलेला असतो.

म्हणून या मासिकाच्या कोड्यांच्या सदरात पुढील अंकापासून संगणकाने काढलेली उत्तरे स्वीकारली जातील, मात्र तीन गोष्टींसह : नमुना अवकाश कोणता मानला त्याचे शब्दांत वर्णन, प्रणालीला दिलेल्या आज्ञा, आणि उत्तर अपूर्णांकात किंवा सूत्रात. केवळ दशांश असलेले उत्तर, मग ते आठ स्थळांपर्यंत बरोबर का असेना, छापले जाणार नाही. पहिले कोडे असे : १ ते ४ ठिपक्यांच्या चार-बाजूंच्या दोन फाशांची बेरीज जशी पडते, नेमकी तशीच पडेल असे वेगळ्या ठिपक्यांचे चार-बाजूंचे दोन फासे शोधावेत, आणि अशी जोडी एकच आहे की अधिक, हे सिद्ध करावे.