एडिंबराच्या चेटकिणी आणि काळ्या झग्यातला गाईड

एडिंबरात ऑनसाइट आलेला माणूस पहिल्या महिन्यात किल्ला बघतो, दुसऱ्या महिन्यात आर्थर्स सीट चढतो आणि नंतर देशातून कोणी पाहुणा आला की त्याला घेऊन रात्रीच्या जादूटोणा-फेरीला जातो. माझाही नंबर गेल्या शनिवारी लागला. पुण्याहून एक मित्र आला होता आणि त्याला हेच करायचं होतं. दोन तास, वीसेक माणसं, काळा झगा घातलेला गाईड, हातात कंदील (आत बॅटरीवरचा बल्ब). रॉयल माईलच्या बोळाबोळातून तो आम्हाला फिरवत होता आणि दर दहा मिनिटांनी एकदम ओरडून पहिल्या रांगेतल्या बायकांना दचकवत होता.

आता आधीच सांगून टाकतो. मला टाइमपासचं वावडं नाही. भुताच्या गोष्टी मला आवडतात, पावसाळ्यात लाईट गेल्यावर तर फारच. माझी तक्रार दचकवण्याबद्दल नाहीच. तक्रार अशी की दोन तासांत त्या गाईडने एक गोष्ट सतत गृहीत धरली होती: या गावात चेटकिणी होत्या. आणि ऐकणाऱ्या वीसही जणांनी ती निमूट गृहीत धरली.

साहेब, या गावात चेटकिणी नव्हत्या. या गावात कायदा होता.

स्कॉटलंडच्या संसदेने 1563 मध्ये चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरवला आणि तो कायदा 1736 पर्यंत चालू राहिला. पावणेदोनशे वर्षं! एडिंबरा विद्यापीठाने या सगळ्या खटल्यांचा एक डेटाबेस केलाय, 2003 पासून तो कोणालाही बघता येतो. त्यात आरोपी म्हणून 3,837 नावं आहेत. दर पाचात चारांहून जास्त बायका. सगळ्यांचे निकाल कागदावर उरलेले नाहीत, पण मारल्या गेलेल्यांचा नेहमी दिला जाणारा अंदाज 2,500 च्या आसपास आहे. त्या वेळच्या स्कॉटलंडची लोकसंख्या जेमतेम दहा लाख होती हे लक्षात घ्या म्हणजे आकडा कळेल.

आणि हे काम कसं चालायचं ते बघा. आपल्या लोकांना हे चटकन समजेल, कारण ती एक प्रोसेस होती. शेजारणीशी भांडण झालं, मग गाय आटली, मग तक्रार चर्चच्या स्थानिक मंडळाकडे. तिथे साक्षी लिहून घेतल्या जायच्या. मग त्या बाईला रात्रंदिवस जागं ठेवायचं, पाळीपाळीने माणसं बसवून. तीन-चार दिवस झोप नाही मिळाली की माणसाला काहीही दिसतं (रिलीजच्या आठवड्यात काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको, आणि आपल्याला तर कोणी मारत नसतं). मग कबुली. कबुली घेऊन एडिंबराला अर्ज, प्रिव्ही कौन्सिलकडून खटला चालवायची परवानगी, मग स्थानिक लोकांचंच न्यायमंडळ. शेवटी बहुतेकींना आधी गळा आवळून मारायचे आणि नंतर प्रेत जाळायचे.

म्हणजे अप्रूव्हल्स सगळी व्यवस्थित होती. खर्चाचा हिशोबसुद्धा. कर्कॉडी गावात 1633 मध्ये एका जोडप्याला जाळलं, त्याचं बिल शिल्लक आहे. कोळसा किती, डांबराचं पिंप किती, दोर किती, जल्लादाला आणायला गेलेल्या माणसाचा खर्च किती. आणि हा खर्च चर्च आणि नगरपालिका यांनी आपसात वाटून घेतला.

मला विचाराल तर भुताच्या शंभर गोष्टींपेक्षा हे बिल जास्त अंगावर येतं. पण फेरीत बिल नव्हतं. फेरीत होती अ‍ॅग्नेस सॅम्पसनची गोष्ट, आणि तीही कशी? म्हणे तिने राजाला त्याच्या लग्नाच्या रात्री नवरा-बायकोत झालेलं बोलणं कानात सांगितलं आणि राजा पांढराफटक पडला. सगळे 'ऊऊऊ' करतात. ही गोष्ट कुठून आली? 1591 मध्ये लंडनला छापलेल्या एका पत्रकातून. त्या काळचं ब्रेकिंग न्यूजच ते.

बाकीचं गाईडने वगळलं. सहावा जेम्स डेन्मार्कची राजकन्या आणायला निघाला, समुद्रात वादळं आली, आणि वादळाला कोणीतरी जबाबदार हवं होतं. इकडे ट्रॅनंट गावात गेलिस डंकन नावाच्या मोलकरणीवर तिच्या मालकालाच संशय आला. ती लोकांना बरं करते, रात्री घराबाहेर जाते, एवढंच कारण. त्याने तिची बोटं चापात चिरडली. तिने नावं सांगितली. त्यात अ‍ॅग्नेस, वयस्क बाई, सुईण, औषधपाणी करणारी. होलीरूडच्या राजवाड्यात खुद्द राजाने तिची चौकशी केली. तिने नाकारलं. मग केस भादरले, डोक्याला दोर आवळला, सैतानाची खूण शोधायला अंग तपासलं, आणि मग तिने सगळं कबूल केलं. जानेवारी 1591 मध्ये तिला मारलं. राजाने पुढे 1597 मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिलं.

फेरीत बोटं चिरडायचा तो चाप होता, बरं का! नकली. गाईडने आमच्यातल्या एका मुलीला पुढे बोलावलं, तिचा अंगठा त्यात घातला आणि विचारलं, बोल, तू चेटकीण आहेस का? ती हसत म्हणाली, हो. टाळ्या. खटला नेमका असाच चालायचा हे त्या वीस जणांत कोणाच्या लक्षात आलं असेल?

मित्राचं म्हणणं, "तू ना, प्रत्येक गोष्टीत क्यूए करतोस. शनिवारवाड्यावर नाही का लोक जात, काका मला वाचवा ऐकायला? तसंच हे." तसं नाही. नारायणरावांच्या गोष्टीत खून झालेल्या माणसाला कोणी खुनी म्हणत नाही. इथे जिला मारलं तिलाच भीतीदायक ठरवून तिकीट लावलंय, आणि मारणारे गोष्टीतून गायब.

ग्रेफ्रायर्स दफनभूमीत तर कमाल आहे. तिथे जॉर्ज मॅकेन्झी या सतराव्या शतकातल्या सरकारी वकिलाची कबर आहे आणि त्याचं भूत म्हणे लोकांना ओरबाडतं. 1999 पासून त्यावर धंदा चालू आहे. आता मॅकेन्झी काही संत नव्हता. कव्हेनंटर पंथाच्या लोकांना त्याने निर्दयपणे चिरडलं, 'रक्तपिपासू' हे नाव त्याला उगाच नाही पडलं. पण याच माणसाने 1678 च्या आपल्या कायद्याच्या पुस्तकात चेटकाच्या कबुल्यांवर शंका घेतली होती. कबुली दिलेल्या एका बाईला तो भेटला. ती त्याला एकांतात म्हणाली की मी काही केलेलं नाही. पण मोलमजुरी करून पोट भरणारी मी, एकदा चेटकीण म्हणून नाव झालं की कोणी अन्न देणार नाही की आसरा, लोक मारतील, कुत्री सोडतील. त्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणून कबूल केलं. चेटूक असतंच नाही असं तोही म्हणत नव्हता, पण त्याने हे ऐकलं आणि लिहून ठेवलं. फेरीत त्याच्या वाट्याला काय? थडग्यातून ओरबाडणं.

आता कोणी म्हणेल, चारशे वर्षांपूर्वीचं कशाला उकरतोस. स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी 8 मार्च 2022 ला संसदेत या बायकांची माफी मागितली, मिटलं. इथे मिटलं असेलही. आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढून वाचा. शेवटी अनुसूची आहे, लहानशीच. त्यात एक कलम असं की अमुक माणूस करणी करतो, मंत्रतंत्राने गुराचं दूध आटवतो, असं जाहीर करून त्याचं जगणं मुश्किल करणं हा गुन्हा. गुराचं दूध! स्कॉटलंडच्या खटल्यांत हाच आरोप पुन्हा पुन्हा येतो. हा वटहुकूम निघायला 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, ओंकारेश्वरजवळच्या पुलावर, दाभोलकरांना गोळ्या घालाव्या लागल्या. तोपर्यंत मसुदा वर्षानुवर्षं पडून होता. सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवतात, आणि खोलात गेलं की जमिनीची वाटणी नाहीतर जुनं भांडण निघतं. तिथे 'डाकीण वॉक' काढा म्हटलं तर आपण शहारू. सूटकेस भरून परदेशी आलो की त्याच गोष्टीला 'किती अ‍ॅटमॉस्फेरिक' म्हणतो.

असो. चालायला माझा विरोध नाही, उलट चालाच. किल्ल्यासमोरच्या मैदानापासून सुरुवात करा. तिथे भिंतीत एक लहानसं लोखंडी कारंजं आहे, 1894 चं, पॅट्रिक गेडीसने बसवून घेतलेलं. हो, तेच गेडीस, जे 1919 ते 1924 मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. शेजारची पाटीही वाचा. काहींनी आपलं ज्ञान वाईट कामाला वापरलं, काहींच्या बाबतीत गैरसमज झाला, अशा अर्थाचं तिच्यावर लिहिलंय. म्हणजे 'काही' खरोखरच चेटकिणी होत्या, असा समतोल! तिथून उतरत होलीरूडला जा, जमलं तर वळून ग्रेफ्रायर्सला. विद्यापीठाने 2019 मध्ये त्या डेटाबेसवरून आरोपींच्या गावांचा नकाशा केलाय, तो फोनवर उघडा आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून नाव वाचा. फुकट आहे. फक्त छत्री नेऊ नका, किल्ल्यापाशी वारा ती उलटी करतो. रेनकोटच बरा.